गब्बरच्या सहा गोळ्या मोजताना

‘शोले’मधला तो खडकाळ अड्डा आठवा. रामगढहून हात हलवत परतलेली तीन माणसं गब्बरसमोर उभी आहेत. आपण बघतो ती कालियाची भेदरलेली नजर आणि गब्बरच्या येरझाऱ्या. पिस्तुलाकडे कुणाचं लक्ष नसतं. पुढच्या वेळी फक्त पिस्तुलाकडे बघा आणि बोटांवर मोजा. आत सहा गोळ्या आहेत, हे गब्बर साथीदाराकडून वदवून घेतो. माणसं तीन, म्हणून तीन बार तो हवेत काढतो. उरल्या तीन. मग चक्री गरकन फिरवतो आणि एकेकावर नेम धरून घोडा ओढतो. तिन्ही वेळा नुसता ‘खट्’ आवाज. तिघंही वाचले. गब्बर हसतो, ते तिघं हसतात, सगळा अड्डा हसायला लागतो, आणि त्या हसण्यातच तीन बार निघतात.

हिशेब चोख आहे. नुसती बेरीजच नव्हे, क्रमसुद्धा. हवेत उडवलेल्या तीन गोळ्या ओळीनं उडाल्या, म्हणजे चक्रीतली तीन रिकामी घरं एकमेकांना लागून आहेत आणि भरलेली तीनही. फिरवल्यावर चक्री कुठेही थांबू शकते, जागा सहा. त्यांतली एकच अशी, की ओळीनं तीनदा ‘खट्’ होईल. आणि ती एक जागा लागली, की पुढची तिन्ही घरं भरलेलीच असणार. सहातली एक शक्यता. अवघड, पण अशक्य नाही.

हा नमुना मी मुद्दाम आधी दिला, कारण सिनेमातल्या चुका शोधायला बसलेला माणूस सहसा उलट्या टोकाकडून सुरुवात करतो. त्याला काहीतरी चुकलेलंच सापडायला हवं असतं. जिथे नीट बसलंय तिथे ते कसं बसवलंय, हे आधी बघायला शिकलात, तर जिथे बसलेलं नाही ते आपोआप डोळ्यांत खुपतं. शिवणकाम येणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या ब्लाउजची उसवलेली टीप लगेच दिसते, ती याच कारणानं.

मी काही वर्षं मराठी चित्रपटांच्या सेटवर सहायक म्हणून कंटिन्युइटीचं काम केलं. म्हणजे वही घेऊन बसायचं आणि लिहायचं: पदर कुठल्या खांद्यावर, चहाचा कप अर्धा की पाऊण, बोलताना डावा हात उठला की उजवा, दार कितपत उघडं. फोटोही काढायचे. एका लग्नाच्या प्रसंगात नवरीच्या आईच्या डाव्या हातात मी अकरा हिरव्या बांगड्या लिहून ठेवल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांतली एक वाढवली. वेशभूषेच्या मुलीनं घाईत दोन चढवल्या, आणि दुपारच्या पहिल्या शॉटला मी वही उघडून बघितली नाही. चित्रपट लागला. समीक्षकांना काही दिसलं नाही, दिग्दर्शकालाही नाही. आमच्या शेजारच्या आजींनी मात्र दुसऱ्याच दिवशी विचारलं, ‘‘अगं, त्या विहीणबाईंचा चुडा मधेच कसा गं भरला?’’ मला त्या रात्री झोप आली नाही.

त्या आजींनी मला जे शिकवलं तेच तुम्हाला पहिलं सांगते. आपल्या हाताला जे माहीत आहे तिथून बघायला सुरुवात करा. नर्स असाल तर रुग्णालयाच्या प्रसंगात सलाइनच्या बाटलीकडे बघा. शेती करत असाल तर मागच्या शेतातलं पीक आणि पात्रं ज्या महिन्याबद्दल बोलताहेत तो महिना जुळतो का, ते बघा. तबला शिकला असाल तर बोटं आणि बोल. सगळ्याच गोष्टींवर नजर ठेवायला गेलात तर कशावरच राहत नाही, आणि सिनेमाही हातचा जातो.

आता चूक राहते कुठे? लोक शॉटमध्ये शोधतात. ती राहते दोन शॉटच्या सांध्यात. टेबलाशी दोघं बोलताहेत असा साधा प्रसंग घ्या. आधी दोघं दिसतील असा मास्टर शॉट घेतात. मग एकाचे सगळे क्लोजअप. मग कॅमेरा फिरतो, दिवे हलतात, यात तास-दीड तास जातो, मधे जेवणाची सुट्टी होते, आणि मग दुसऱ्याचे क्लोजअप. पडद्यावर जी सवाल-जवाबाची पाच सेकंदं दिसतात, त्यातला सवाल सकाळी अकराचा असतो आणि जवाब दुपारी चारचा. मधल्या वेळात मेणबत्ती वितळते, बर्फ विरघळतो, घामानं टिकली सरकते. गजऱ्याचा तर मला धसकाच होता. सकाळी टपोऱ्या कळ्या, दुपारी उमललेला, संध्याकाळी मलूल. आम्ही एका प्रसंगासाठी चार-चार गजरे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचो. तेव्हा जुन्या मराठी-हिंदी चित्रपटांत एखादी मोठी बैठक किंवा लग्नघर दिसलं, की नायिकेच्या केसांकडे बघा. एकाच संवादात गजरा ताजा-शिळा-ताजा होत असेल तर कुठला शॉट कधी घेतला असेल याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो.

पद्धत सोपी आहे. एक वस्तू निवडा. पेला म्हणा, बाही म्हणा, जळती विडी म्हणा. प्रत्येक सांध्याला थांबवा, एक शॉट मागे जा, परत पुढे या. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात. संगणकावर व्हीएलसीमध्ये बघत असाल तर ‘ई’ हे बटण दाबलं की एकेक फ्रेम पुढे सरकते. सापडलं की वहीत वेळ लिहा, तास-मिनिट-सेकंद. वेळ लिहिली नाही तर दुसऱ्याला दाखवताना अर्धा तास शोधत बसाल आणि शेवटी ‘असेल बुवा’वर विषय संपेल. ‘प्रिटी वूमन’मध्ये न्याहारीच्या टेबलावर ज्युलिया रॉबर्ट्सच्या हातात आधी क्रोसाँ असतो आणि सांध्यापलीकडे पॅनकेक. हजारो लोकांनी ते पाहिलंय, ते याच रीतीनं.

मग मागची माणसं बघा. डोळा मुख्य नटावर खिळवून ठेवणं हेच दिग्दर्शकाचं काम असतं, त्यामुळे कडेला काय चाललंय ते आपण बघतच नाही. हिचकॉकच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये (१९५९) माउंट रशमोरच्या उपाहारगृहात इव्हा मरी सेंट पिस्तूल काढते. मागच्या टेबलावर एक मुलगा बसलाय. बार उडण्याच्या आधीच तो दोन्ही कानांत बोटं घालतो! तालीम आणि टेक मिळून त्या पोरानं तो आवाज आधी ऐकलेला असणार, त्याला बिचाऱ्याला ठाऊक होतं काय होणार ते. मला ही चूक फार प्रिय आहे. त्या एका क्षणात सेटवरचा अख्खा दिवस दिसतो.

काच आणि आरसे सोडू नका. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’मध्ये (१९८१) इंडियाना जोन्स सापांच्या खाईत पडतो आणि समोर नाग फणा काढून उभा राहतो. हॅरिसन फोर्ड आणि नाग यांच्यामध्ये सुरक्षेसाठी काच होती आणि नागाचं प्रतिबिंब तिच्यात पडलं. मूळ चित्रपटात ते दिसतं. पुढे डिजिटल प्रतीत ते पुसून टाकलं. म्हणून आणखी एक सवय लावून घ्या: आपण कुठली प्रत बघतोय, ते वहीत वर लिहायचं. ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या चित्रपटात (१९७७) दारातून आत येताना एका सैनिकाचं डोकं वरच्या चौकटीवर आपटतं. २००४च्या डीव्हीडीत ती चूक काढली नाही, उलट आपटल्याचा आवाज घातला. ‘टायटॅनिक’मध्ये बुडत्या रात्रीचं आकाश चुकीचं आहे, असं खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन यांनी जेम्स कॅमेरॉनच्या कानावर घातलं. २०१२मध्ये चित्रपट थ्रीडीत परत आला तेव्हा कॅमेरॉननं ते तारे बदलले. एकानं १९९७ची प्रत पाहिलेली, दुसऱ्यानं २०१२ची. दोघं भांडत बसले तर दोघंही खरे.

‘टायटॅनिक’चीच एक गोष्ट सांगते, म्हणजे चूक टाळायला लोक किती खपतात ते कळेल. मेक्सिकोत समुद्रकाठी जहाजाचा जो प्रचंड सेट उभारला, तो मुख्यतः उजव्या बाजूचा. पण खरी टायटॅनिक साउदॅम्प्टनच्या धक्क्याला डावी बाजू लावून उभी होती. मग निरोपाच्या प्रसंगात सगळं उलटं केलं. पाट्यांवरची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी रंगवली, कपडे उलटे शिवले, आणि नंतर चित्र फिरवून घेतलं. आपल्याला काही जाणवत नाही. पुन्हा बघाल तेव्हा त्या गर्दीत एखादी उलटी राहिलेली गोष्ट सापडते का, ते शोधून पाहा. मला तासभर बसूनही खात्रीनं बोट ठेवण्यासारखं काही मिळालं नाही, आणि त्या तासाचं मला जराही वाईट वाटलं नाही.

आता कथेकडे. इथे डोळ्यांपेक्षा कागद जास्त लागतो. प्रत्येक मोठ्या पात्रासाठी तीन गोष्टी लिहा: त्याला या क्षणी काय ठाऊक आहे, तो कुठे आहे, आणि एका जागेहून दुसऱ्या जागी पोहोचायला त्याला किती वेळ मिळाला. बहुतेक भोकं यांतच निघतात. जे ऐकलंच नाही ते पात्राला ठाऊक असतं, किंवा दोन दिवसांची वाट एका रात्रीत संपते. काळाची पट्टी वेगळी आखा. ‘टायटॅनिक’मधला जॅक लहानपणी विसोटा तलावावर गोठलेल्या बर्फात मासे धरल्याचं सांगतो. तो तलाव विस्कॉन्सिनमध्ये धरण बांधून १९१७मध्ये तयार झाला. जहाज बुडालं १९१२च्या एप्रिलमध्ये. अशी चूक कॅमेऱ्यातून दिसत नाही, ती भूगोलाच्या पुस्तकातून दिसते.

जागेसाठी नकाशा काढा, चार रेघांचा का होईना. ‘जुरासिक पार्क’मध्ये (१९९३) टी-रेक्स कुंपण तोडून सरळ रस्त्यावर येतो, म्हणजे आतली जमीन रस्त्याच्या पातळीची. थोड्याच वेळात त्याच कुंपणापलीकडे गाडी कोसळते ती खोल कड्यावरून. इतकी वर्षं लोक यावर वाद घालताहेत. काहींचं म्हणणं, कुंपणामागे अर्धा भाग सपाट आणि अर्धा खंदक. कागदावर काढून बघा, तसा नकाशा जमवता येतो. पण चित्रपट तो खंदक आधी दाखवत नाही, हेही तितकंच खरं. ही चूक मी ‘भोक’ म्हणून लिहीत नाही. ‘सांगायचं राहिलं’ या रकान्यात लिहिते.

हे दोन रकाने वेगळे ठेवणं फार महत्त्वाचं आहे, आणि त्यासाठी परत रामगढला जाऊ. ‘शोले’बद्दल हमखास विचारला जाणारा प्रश्न: गावात वीज नाही, राधा रोज संध्याकाळी हवेलीतले दिवे एकेक करून मालवते, तर मग वीरू ज्यावर चढून जीव द्यायची धमकी देतो ती पाण्याची टाकी भरते कशी? ऐकायला बिनतोड वाटतं. पण डिझेलच्या इंजिनावर पंप चालतो. विजेशिवाय टाकी भरणं अशक्य नाही. चित्रपट फक्त तो पंप दाखवत नाही. तेव्हा स्वतःला विचारायचा प्रश्न हा: कथेतली एखादी गोष्ट दुसऱ्या गोष्टीला खोटी ठरवते, की कथा नुसती गप्प आहे? खोटी ठरवत असेल तर भोक. गप्प असेल, तर आपण एका वाक्यात भर घालून बघायची. ते वाक्य सरळ असलं तर लेखकाला माफ. तीन वाक्यं लागली तर मात्र नाही.

त्याच गावात एक खरी उसवलेली टीप आहे. शेवटी ठाकूर गब्बरला पायाखाली घालतो आणि ऐन क्षणी पोलीस येतात. आले कुठून? बोलावलं कुणी? इतका वेळ ठाकूरला जय-वीरूसारखे दोन चोर भाड्यानं आणावे लागले, आणि आता पोलीस वेळेवर हजर? कथेत याचं समाधानकारक उत्तर सापडत नाही, कारण ते कथेबाहेर आहे. रमेश सिप्पींनी आधी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. सेन्सॉरनं ते मान्य केलं नाही, देशात आणीबाणी होती, आणि नवा शेवट चित्रित करून १५ ऑगस्ट १९७५ला चित्रपट लागला. मूळ शेवटाची प्रत २०२५मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. कथेचं वळण असं एकाएकी, पात्रांच्या स्वभावाला सोडून आलं, की आधी तारीख बघा, सेन्सॉर बघा, नट मधेच आजारी पडला होता का ते बघा. कोडं पटकथेत सुटत नसेल तर ते निर्मितीच्या इतिहासात सुटतं.

काही जागा मुद्दाम सोडलेल्या असतात. त्यांना चूक म्हणालात तर तुमचं नुकसान. होळीच्या दिवशी गब्बर जय-वीरूला कोंडीत पकडतो. ठाकूरच्या पायाशी बंदूक पडलेली आहे. वीरू त्याला खुणावतो, आणि ठाकूर उचलत नाही. पहिल्यांदा बघताना ही चूकच वाटते, लेखक विसरला असं. पण जय-वीरूही नेमका हाच जाब विचारतात. पात्रानं आपल्याच मनातली शंका मोठ्यानं बोलून दाखवली, की समजायचं ही जागा राखलेली आहे. मग गतकाळ उलगडतो, शाल गळून पडते, आणि रिकाम्या बाह्या दिसतात.

यासाठी ‘शोले’ दुसऱ्यांदा बघायचा तो फक्त संजीव कुमारांसाठी. शाल उघडी पडेपर्यंतच्या चालू काळातल्या प्रत्येक प्रसंगात ठाकूर कुठे उभा आहे, शाल कशी आहे, त्याच्यासाठी वस्तू कोण उचलतं, ते लिहून काढा. नोकर रामलाल जवळ का घोटाळतो, ते तेव्हा कळतं. एवढी काळजी घेऊनही शेवटच्या मारामारीत कुर्त्याच्या आत दडवलेले हात क्षणभर जाणवतात, ही ‘शोले’तली सगळ्यांत गाजलेली चूक. तुम्हीही बघा, पण आधीच्या दीड-दोन तासांत ते किती वेळा जाणवले नाहीत, तेही मोजा. जयचं नाणंही तसंच. जखमी ठाकूरला दवाखान्यात न्यायचं की पळून जायचं, हे नाण्यावर ठरतं. पुढेही ठरत राहतं, आणि जय गेल्यावर नाणं वीरूच्या हातात येतं तेव्हा कळतं की दोन्ही बाजू एकच. मागे जाऊन प्रत्येक नाणेफेक तपासा: कोण फेकतं, कोण झेलतं, दुसऱ्याला नाणं हातात घेऊन बघायची संधी मिळते का. ही तपासणी करताना जयच्या एकेका निर्णयाचा अर्थ बदलतो. दवाखान्याचा निर्णय नशिबाचा नव्हता, त्याचा होता.

‘बाहुबली’ची गोष्ट याहून धाडसाची. १० जुलै २०१५ला पहिला भाग आला आणि कटप्पानं बाहुबलीला का मारलं, हा प्रश्न प्रेक्षकांच्या हाती देऊन संपला. उत्तर २८ एप्रिल २०१७ला. या दोन वर्षांत लोकांनी काय काय तर्क लढवले! पण उत्तराचा अर्धा भाग पहिल्याच चित्रपटात आहे. असलम खान कटप्पाला गुलामीतून सोडवायला तयार होतो आणि कटप्पा नाही म्हणतो, कारण त्याच्या पूर्वजांनी सिंहासनाला वचन दिलंय. माणसाला नव्हे, सिंहासनाला. सिंहासनावरून हुकूम आला तर हा माणूस काहीही करील, हे तिथेच सांगून झालं होतं. साखळदंडातली देवसेना काटक्या गोळा करते तीही वेडेपणानं नव्हे. कोडं सोडवायला बसताना शेवटाकडे बघत राहू नका. ज्या प्रसंगाचं पहिल्यांदा काही काम दिसलं नाही, जो कापला असता तरी चाललं असतं असं वाटलं, तिथे परत जा. उत्तरं बहुधा तिथे ठेवलेली असतात.

आणि काही वेळा उत्तर नसतंच. ‘द बिग स्लीप’ (१९४६) करताना मोटारचालकाचा मृत्यू म्हणजे खून की आत्महत्या, असा दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सच्या गोटात वाद पडला. मूळ कादंबरीकार रेमंड चँडलरला तार करून विचारलं. त्यालाही सांगता आलं नाही. चित्रपट आजही लोक मनापासून बघतात. हिचकॉक अशा जागांना फ्रीजमधले प्रसंग म्हणायचा: घरी येऊन रात्री फ्रीज उघडून काही खायला काढताना जी शंका येते, ती. चित्रपटगृहात ती आली नाही, एवढं त्याला पुरे होतं.

इथे वजन-मापाचा प्रश्न येतो. सापडलेल्या पन्नास चुकांपैकी कुठल्या मोठ्या? ‘अपोकॅलिप्स नाउ’चा संकलक वॉल्टर मर्च यानं दोन शॉटचा सांधा कुठे घ्यावा याचं माप मांडून ठेवलंय. भावनेला ५१ टक्के, कथेला २३, लयीला १०, प्रेक्षकाची नजर कुठे आहे याला ७, पडद्याच्या सपाट चौकटीतल्या मांडणीला ५, आणि प्रत्यक्ष जागेत कोण कुठे उभं आहे या सुसंगतीला फक्त ४. म्हणजे चांगला संकलक बांगडीचा मेळ जाणूनबुजून सोडतो, कारण ज्या टेकमध्ये आईचे डोळे खरोखर भरून आले त्यात बांगड्या बारा होत्या. माझ्या चुकीच्या शॉटचंही नेमकं तेच झालं होतं, हे मला पुढे संकलकानं सांगितलं. त्यानं बांगड्या पाहिल्या होत्या. तरी तोच टेक ठेवला.

‘शोले’ला १९७५चं एकच फिल्मफेअर पारितोषिक मिळालं आणि ते संकलनाचं होतं, मा. स. शिंदे यांना. चित्रीकरण सुरू झालं ३ ऑक्टोबर १९७३ला. गाव होतं बंगळूरजवळ रामनगरच्या खडकांत, राम येडेकरांनी उभं केलेलं. रेल्वेगाडीची लढाई मात्र आपल्या मुंबई-पुणे मार्गावर, पनवेलच्या आसपास, सात आठवडे चाललेली. जय माउथऑर्गन वाजवतोय आणि राधा दिव्यांशी आहे, तो छोटासा प्रसंग मावळतीच्या त्या नेमक्या उजेडासाठी जवळपास २० दिवस रेंगाळला. छायाचित्रणकार द्वारका दिवेचा यांना रोज मोजकीच मिनिटं मिळायची. आता तुमची वही काढा आणि या दोन प्रसंगांवर बसा. गाडीच्या प्रसंगात सावल्या: आखूड की लांब, डावीकडे की उजवीकडे. दिव्यांच्या प्रसंगात आकाशाचा रंग, शॉटमागून शॉट. जिथे जुळत नाही तिथे फुली मारा. जिथे जुळतं तिथेही खूण करा, कारण वीस वेगवेगळ्या संध्याकाळी तिथे एक झालेल्या आहेत.

काही व्यवहाराच्या गोष्टी राहिल्या. पहिल्यांदा चित्रपट बघताना वही नको, चित्रपटगृहात तर नकोच, आणि शेजाऱ्याच्या कानात ‘ते बघ, घड्याळ बदललं’ असं सांगणं हा त्याच्या तिकिटावर अन्याय आहे. एकदा आवाज बंद करून बघा, हालचालींचे सांधे उघडे पडतात. एकदा डोळे मिटून ऐका, नंतर घातलेले आवाज वेगळे होतात. टीव्हीवर किंवा जुन्या डीव्हीडीत चौकट मूळ मापाची आहे ना, ते तपासा. ‘शोले’ ३५ मिमीवर चित्रित करून ७० मिमीसाठी वाढवला होता, आणि चौकट बदलली की कडेचं काही कापलं जातं किंवा एरवी झाकलेलं दिसू लागतं. कडेला मायक्रोफोन दिसला म्हणून लगेच दिग्दर्शकाला नावं ठेवू नका. आणि कुणाची चूक सांगताना ‘मला ही अशी दिसली, अमुक प्रतीत, अमुक वेळेला’ एवढंच सांगा.

लहान मुलांना हा खेळ जरूर शिकवा, त्यांची नजर आपल्यापेक्षा ताजी असते. माझी दहा वर्षांची भाची गेल्या दिवाळीत माझ्याबरोबर ‘शोले’ला बसली होती. पिस्तुलाच्या गोळ्या तिनं बरोबर मोजल्या, नाण्याचा छडा तिला वीरूच्या आधी लागला. शेवट झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘मावशी, ठाकूर एकटा असताना दार कसं उघडत असेल गं?’’

मी विचार केला. तो एकटा दारापाशी आलेला एकही प्रसंग मला आठवेना. खरोखरच नाही, की मी कधी बघितलाच नाही? आम्ही वही घेतली आणि सुरुवातीच्या रेल्वे स्थानकापासून ‘शोले’ परत लावला.